जव्हार-मोखाड्यात नवा टीव्ही घेताय? दुकानाआधी घर तपासा!

टीव्हीच्या खोक्यावर इंच, ‘फोर-के’ आणि ‘स्मार्ट’ लिहिलेले असते. पाड्यावर लाइट किती वेळा जाते, मोबाइलला रेंज कुठे मिळते आणि बिघडल्यावर माणूस घरी येईल का, हे लिहिलेले नसते. घरासाठी टीव्ही निवडताना नेमके काय पाहायचे?

माझे मामा जव्हार तालुक्यातील एका पाड्यावर राहतात. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या ऑफरमध्ये त्यांनी ४३ इंची फोर-के टीव्ही घेतला. कामावरची उचल आणि घरातली शिल्लक एकत्र करून. आठच दिवसांनी मामा-मामी कामासाठी वसईकडे गेले आणि घराला कुलूप लागले. होळीला आले तेव्हा चार दिवस टीव्ही लागला, मग पुन्हा कुलूप. पावसाच्या तोंडावर ते परतले आणि जूनमध्ये एका संध्याकाळी वीज कडाडली, टीव्हीचे चित्र गेले. ‘मदरबोर्ड जळाला आहे, आकाशातल्या विजेमुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही,’ असे तंत्रज्ञाने सांगितले. आठ महिन्यांत तो टीव्ही महिनाभरही पाहिला गेला नव्हता.

मॉडेल मीच निवडून दिले होते. घरातला इंजिनीअर मीच. पॅनेल, रॅम, रिझोल्यूशन सगळे तपासले होते. घर मात्र तपासले नव्हते. म्हणून हा लेख.

आताच हा विषय का?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर तो १ जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्के होता. म्हणजे करापूर्वी २५ हजारांचा मोठा टीव्ही पूर्वी ३२ हजारांना पडत असे, आता तो २९ हजार ५०० रुपयांना पडतो. साहजिकच ‘थोडे आणखी घाला, ४३ इंचीच न्या’ असे दुकानात सांगणे सोपे झाले आहे.

पण जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यातील डोंगराळ, आदिवासीबहुल तालुके आहेत. दोन्हीकडे रेल्वे नाही. पाऊस धो-धो पडतो. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, ती पावसाच्या आसपास परततात. मुंबईतल्या फ्लॅटसाठी लिहिलेली ‘टॉप टेन’ यादी इथे फारशी कामाची नाही. इथे टीव्ही म्हणजे अनेकदा एका हंगामाची कमाई असते. चुकला तर बदलून घ्यायला दुसरा हंगाम लागतो.

किती इंचांचा टीव्ही घ्यावा?

टेप घ्या आणि टीव्ही जिथे ठेवणार तिथपासून माणसे जिथे बसतात तिथपर्यंतचे अंतर मोजा. टीव्हीचे इंच म्हणजे पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची तिरकी लांबी. ती ३२ इंचीत सुमारे ८० सेंटिमीटर, ४३ इंचीत १०८ आणि ५५ इंचीत १३९ सेंटिमीटर असते. बसण्याचे अंतर या लांबीच्या दीड ते अडीच पट असेल तर पाहणे सोयीचे होते. फुटांत सांगायचे तर ३२ इंचीसाठी साधारण ४ ते साडेसहा फूट, ४३ इंचीसाठी साडेपाच ते ९ फूट आणि ५५ इंचीसाठी ७ ते साडेअकरा फूट.

घरकुलाच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमधले अंतरच दहा फुटांच्या आसपास असेल, तर ५५ इंची टीव्हीसमोर बसणाऱ्याला मान फिरवत पाहावे लागेल.

फोर-केसाठी जादा पैसे मोजावेत का?

पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे बनते. एचडी रेडी टीव्हीत सुमारे साडेदहा लाख ठिपके असतात, फुल एचडीत पावणेएकवीस लाख आणि फोर-केत ८३ लाख. आकडे मोठे आहेत, पण डोळ्याला मर्यादा आहे. सामान्य नजरेच्या हिशेबाने ४३ इंची फुल एचडी टीव्हीतले ठिपके सुमारे साडेपाच फुटांपलीकडून वेगळे दिसत नाहीत. ५५ इंचीत हे अंतर सात फूट आहे. त्याहून लांब बसणाऱ्याला फुल एचडी आणि फोर-के यांच्या तपशिलात फरक जवळजवळ जाणवत नाही. ३२ इंची एचडी रेडीचेही तसेच, सहा फुटांवरून ते पुरेसे आहे.

दुसरा प्रश्न, तुम्ही पाहणार काय? फ्री डिशवरच्या बहुतेक वाहिन्या एसडी, म्हणजे साध्या दर्जाच्या आहेत. एसडी चित्रात जेमतेम चार लाख ठिपके असतात. फोर-के पडद्यावर त्यातला एकेक ठिपका सरासरी वीस ठिपक्यांवर पसरवावा लागतो. हे काम टीव्हीतला प्रोसेसर करतो. तो साधा असेल तर मोठ्या फोर-के टीव्हीवर मालिका चक्क धूसर दिसते, जुन्या छोट्या टीव्हीपेक्षाही वाईट. आज ४३ इंचीत बरेच टीव्ही फोर-केच मिळतात. किंमत सारखीच असेल तर घ्यायला हरकत नाही. त्या एका शब्दासाठी तीन-चार हजार जादा मोजू नयेत.

वाहिन्या येणार कुठून?

दूरदर्शनची डीडी फ्री डिश सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. डिश आणि सेट टॉप बॉक्सचा खर्च एकदाच, महिन्याचे भाडे नाही. सह्याद्री वाहिनी त्यावर दिसते, तसेच शालेय अभ्यासक्रमाच्या पीएम ई-विद्या वाहिन्याही. २०२० मध्ये शाळा बंद असताना सह्याद्रीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका लागत होती. ज्या घरात मोबाइलला रेंज नव्हती, तिथे टीव्ही असेल तर निदान तेवढी शाळा घरात येत होती.

फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. जव्हार-मोखाड्यातून डिशचे तोंड आग्नेयेला करावे लागते आणि ती रेषा क्षितिजापासून साधारण ५७ अंश वर जाते. टीव्ही घेण्याआधी अंगणात उभे राहा आणि त्या बाजूला पाहा. आंब्याचे मोठे झाड किंवा अगदी अंगावर आलेला कडा आड येत नसेल तर सिग्नल मिळेल. झाडाकडे पाहताना पावसाळ्यातला पालाही हिशेबात धरा.

मुसळधार पावसात चित्र अडकते, चौकोन-चौकोन दिसतात आणि नंतर ‘नो सिग्नल’ येतो. हा टीव्हीचा दोष नाही. उपग्रहाच्या लहरी पावसाच्या थेंबांत क्षीण होतात, पाऊस ओसरला की चित्र परत येते. त्यासाठी टीव्ही दुरुस्तीला नेण्याची घाई करू नका.

काही टीव्हींत उपग्रह ट्यूनर आतच असतो. त्यासाठी भारतीय मानक ब्यूरोचे ‘आयएस १८११२’ हे मानक आहे. अशा टीव्हीला डिशची वायर थेट लागते आणि खुल्या वाहिन्या सेट टॉप बॉक्सशिवाय दिसतात. एक रिमोट आणि एक प्लग वाचतो. मात्र वायरीतून येणारा विजेचा झटकाही मग थेट टीव्हीतच जातो. बॉक्स वेगळा असेल तर कधी कधी नुकसान बॉक्सवरच थांबते. याविषयी पुढे सविस्तर.

‘स्मार्ट’चा किती उपयोग?

इंटरनेट असेल तर खूप, नसेल तर जवळजवळ शून्य. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या माहितीनुसार साध्या दर्जाच्या चित्राला तासाला सुमारे १ जीबी, एचडीला ३ जीबी आणि फोर-केला ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. तुमच्या मोबाइलचा पॅक रोज दीड-दोन जीबीचा असेल, तर हॉटस्पॉटवर एचडी सिनेमाचा पहिला तासही पुरा होणार नाही. फोर-केचा तर वीस मिनिटेही नाही.

घरात फायबर असेल किंवा टीव्हीच्या जागेवर रेंज पक्की असेल, तरच स्मार्ट सुविधांना वजन द्या. तपासण्याची सोपी रीत म्हणजे रात्री आठ-नऊच्या सुमारास, सगळे पाड्यावर असताना, टीव्हीच्या जागेवर फोन ठेवून अर्धा तास व्हिडिओ चालवून पाहा. अडखळला तर टीव्हीवरही अडखळेल.

स्मार्ट टीव्ही घ्यायचाच असेल तर १ जीबीऐवजी २ जीबी रॅम बघा. खोक्यावर नुसते ‘अँड्रॉइड’ लिहिलेले पुरेसे नाही. गुगलची अधिकृत मान्यता नसलेल्या टीव्हीत प्ले स्टोअर नसते, काही ॲप चालत नाहीत किंवा कमी दर्जाचे चित्र देतात. शिवाय टीव्हीचा ‘स्मार्ट’ भाग पडद्याच्या आधी म्हातारा होतो. पडदा चांगला असेल तर पुढे स्ट्रीमिंग स्टिक लावून काम भागते. पडदा वाईट असेल तर त्याला उपाय नाही.

दुकानात चित्र कसे पारखायचे?

आधी नावांचा गोंधळ दूर करू. ‘एलईडी टीव्ही’ म्हणजे एलसीडी पडदा आणि त्यामागे एलईडीचा प्रकाश. ‘क्यूएलईडी’ हाही एलसीडीच, फक्त रंग खुलवणारा एक थर जादा. ‘ओएलईडी’त मात्र प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. तो सगळ्यात देखणा आणि महाग असतो.

एलसीडीत दोन मुख्य जाती आहेत. आयपीएस पडदा बाजूने पाहिला तरी रंग टिकवतो, पण त्यातला काळा रंग अंधारात करडा दिसतो. व्हीए पडद्यात काळा रंग गडद असतो, पण बाजूने किंवा खालून पाहिल्यास चित्र फिके पडते. आपल्या घरांत टीव्ही मुलांच्या हाताला लागू नये म्हणून उंचावर असतो आणि माणसे जमिनीवर, दारापासून चुलीपर्यंत पसरून बसलेली असतात. म्हणजे बरेच जण चित्र खालून आणि तिरके पाहतात. अशा घरात आयपीएस बरा. दोघे-तिघे समोर बसून पाहणार असतील तर व्हीए चांगला.

दुकानदाराला जाती विचारून उपयोग होईलच असे नाही. म्हणून सरळ दुकानात खाली बसा. मग डाव्या-उजव्या टोकाला जाऊन पाहा. माणसांच्या चेहऱ्याचा रंग पांढुरका होत असेल तर तो टीव्ही तुमच्या घरचा नाही. लाजू नका, पैसे तुमचे आहेत.

दुकानातल्या टीव्हीवर समुद्र, पोपट आणि फुलांचे फोर-के व्हिडिओ लावलेले असतात. त्यावर कोणताही टीव्ही छानच दिसतो. सेट टॉप बॉक्स लावून साध्या दर्जाची बातम्यांची वाहिनी दाखवायला सांगा. खालची सरकती पट्टी नीट वाचता येते का, कबड्डीत धावणाऱ्या खेळाडूमागे धूसर शेपूट दिसते का, हे पाहा. पिक्चर मोड ‘व्हिव्हिड’वर असेल तर ‘स्टँडर्ड’वर आणायला सांगा. ‘एचडीआर’ या शिक्क्याने भुलू नका. २५०-३०० निट उजेडाच्या टीव्हीवर एचडीआरचा सिग्नल स्वीकारला जातो, पण त्याचा झगमगाट दिसत नाही.

आवाजाकडे का पाहायचे?

कारण छपरावर पत्रा आहे. पावसाळ्यात संध्याकाळच्या सरी सुरू झाल्या की शेजारी बसलेल्याचे बोलणे ऐकू येत नाही, तिथे पातळ टीव्हीचे खाली तोंड केलेले स्पीकर काय करणार? आवाज पूर्ण वाढवून एक संवाद ऐका. शब्द फुटत असतील तर आकडा २० वॅट असला तरी उपयोग नाही. बाहेरचा स्पीकर जोडण्यासाठी एचडीएमआय एआरसी, ऑप्टिकल किंवा साधे हेडफोनचे छिद्र यांपैकी काय आहे, तेही पाहा. घरात आधीच स्पीकर असेल तर हा मुद्दा पॅनेलइतकाच महत्त्वाचा.

लाइट आणि वीज यांपासून टीव्ही कसा वाचवायचा?

बहुतेक टीव्हींच्या पाठीवर ‘१००-२४० व्होल्ट’ अशी मर्यादा छापलेली असते. म्हणजे कमी दाबाने टीव्ही सहसा जळत नाही. धोका आहे तो जादा दाबाचा. लाइट गेल्यावर परत येताना झटका येतो. लाइनची न्यूट्रल तार तुटली तर घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या आसपास दाब येऊ शकतो. म्हणून जादा दाबाला पुरवठा तोडणारा आणि लाइट आल्यावर थोडा वेळ थांबून मगच टीव्हीला देणारा स्टॅबिलायझर घ्या. सर्ज प्रोटेक्टरही चांगला, पण घराला अर्थिंग नसेल तर तो पूर्ण काम करू शकत नाही. टीव्हीच्या आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.

आकाशातल्या विजेपुढे मात्र स्टॅबिलायझर टिकत नाही. मामांच्या घरी टीव्हीचा प्लग काढलेला होता! झटका आला तो छपरावरच्या डिशमधून. डिशची वायर सेट टॉप बॉक्सला आणि बॉक्स एचडीएमआयने टीव्हीला जोडलेला होता. म्हणून तीन गोष्टी काढायच्या: टीव्हीचा प्लग, बॉक्सचा प्लग आणि डिशची वायर. आणि हे ढग दाटून येतानाच करायचे. विजा कडाडायला लागल्यावर वायरींना हात लावणे जिवावर बेतू शकते. टीव्ही गेला तर जाऊ द्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप परिसरातील विजांची पूर्वसूचना देते, ते फोनमध्ये ठेवा.

बिलाची काळजी तुलनेने कमी आहे. ४० वॅटचा ३२ इंची टीव्ही रोज चार तास चालला तर महिन्याला सुमारे पाच युनिट, ८० वॅटचा ४३ इंची चालला तर दहाच्या आत. घरात सोलर किंवा छोटा इन्व्हर्टर असेल तर मात्र हा फरक मोठा ठरतो, तेवढ्याच बॅटरीवर छोटा टीव्ही जवळजवळ दुप्पट वेळ चालेल. स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, त्यांची तुलना करा.

भिंतीवर की टेबलावर?

कारवीच्या कुडाची, शेणमातीने सारवलेली भिंत टीव्हीचा ब्रॅकेट पेलत नाही. ४३ इंची टीव्ही सात-नऊ किलोंचा असतो. विटांची भिंत पावसाळ्यात ओल धरत असेल तर तिथेही नको, ओल मागच्या छिद्रांतून आत शिरते. अशा घरात जड, रुंद टेबल बरे. पाय टेबलाच्या कडेपासून आत असू द्या आणि टीव्ही मागून पट्ट्याने बांधा. पातळ टीव्ही लहान मुलाच्या ओढण्यानेही अंगावर येतो.

नाशिक, पालघर किंवा भिवंडीहून टीव्ही आणणार असाल तर तो उभाच आणा. घाटातल्या वळणांवर आडवा ठेवलेला टीव्ही खोके न फुटताही आतून तडकू शकतो. खोके घरी उघडताना सुरुवातीपासून मोबाइलवर व्हिडिओ काढा.

वॉरंटी कधी घ्यायची आणि कुठे चालते?

‘कधी’ हा शब्द चुकून आलेला नाही. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजली जाते, टीव्ही लावल्या दिवसापासून नव्हे. दिवाळीत टीव्ही घेऊन कामाला जाणाऱ्या घरात वर्षाच्या वॉरंटीतले पाच-सहा महिने कुलुपातच जातात. ज्या घरांना स्थलांतर करावे लागते, त्यांनी कामावरून परतल्यावर, पाऊस सुरू होण्याआधी टीव्ही घेतलेला बरा. ऑफर थोडी कमी मिळेल, पण ज्या चार महिन्यांत टीव्ही सर्वाधिक चालतो आणि सर्वाधिक बिघडतो, ते वॉरंटीत बसतील.

पैसे देण्याआधी कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करा. जव्हारचा पिनकोड ४०१६०३, मोखाड्याचा ४०१६०४. ‘या पिनकोडवर माणूस घरी येतो की टीव्ही आणून द्यावा लागतो?’ एवढेच विचारा. उत्तर गुळमुळीत असेल तर दुसरी कंपनी पाहा. टीव्हीत सगळ्यात महागडा भाग पॅनेल असतो, ते फुटले तर दुरुस्तीचा खर्च अनेकदा नव्या टीव्हीच्या जवळ जातो. म्हणून पॅनेलची वॉरंटी किती, हे वेगळे विचारा.

टीव्हीच्या पाठीवर मानक ब्यूरोच्या चिन्हाजवळ ‘आयएस ६१६’ आणि इंग्रजी ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकला की टीव्हीच्या निर्मात्याची नोंद दिसते. क्रमांक नसेल किंवा भलत्याच वस्तूचा निघाला, तर स्वस्त असला तरी टीव्ही घेऊ नका. पक्के बिल घ्या आणि त्यावर मॉडेल व सिरीयल क्रमांक असल्याची खात्री करा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्याने प्रश्न सुटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही.

मग कोणता टीव्ही घ्यावा?

फ्री डिशवर मालिका, बातम्या आणि मुलांचे धडे पाहायचे असतील, खोली दहा फुटांची असेल आणि रेंज डळमळीत असेल, तर ३२ इंची, बाजूने रंग टिकवणारा, आवाजाला खणखणीत आणि घरपोच सेवा असलेला टीव्ही पुरेसा आहे. वाचलेल्या पैशांत स्टॅबिलायझर आणि अर्थिंग करून घ्या. जव्हार शहरात पक्के घर, फायबर आणि मोठी खोली असेल, तर ४३ इंची, २ जीबी रॅमचा स्मार्ट टीव्ही घ्यायला हरकत नाही. घराला कुलूप लावून जाताना टीव्ही पुसून मूळ खोक्यात, जमिनीपासून वर ठेवा, नाहीतर उंदीर वायर कुरतडतात. परतल्यावर हवेशीर जागी काही तास ठेवून मगच सुरू करा.

मामांनी या वर्षी मे महिन्यात ३२ इंची टीव्ही घेतला. या वेळी मॉडेल त्यांनीच निवडले, दुकानात मांडी घालून बसून. आभाळ भरून आले की मामी आता वाळत घातलेले कपडे काढायच्या आधी डिशची वायर काढते.